लाटंबार्स्याहून झालेला हल्ला

मी एका दूध संस्थेत कंप्युटर सांभाळते. संस्था छोटीच आहे. पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांत मिळून सतरा केंद्रं, आणि डिचोलीत मोठ्या रस्त्यापासून जरा आत एक दुमजली कचेरी. माझं मेज तळमजल्यावर, पूर्वी जिथे पेंडीची पोती ठेवायचे त्या खोलीत. पोती गेली, सर्व्हर आला, वास मात्र पेंडीचाच राहिला. कचेरीत मला सगळे 'सिस्टिम मॅडम' म्हणतात. घरी, कोरगावात, आई दोन म्हशी पाळते आणि गावच्या केंद्रावर दूध घालते. त्यामुळे सर्व्हरचं काही बिनसलं तर व्यवस्थापकांच्या आधी मला आई विचारते.

काम तसं साधं. पहाटे लोक कॅन नाहीतर बालदी घेऊन केंद्रावर येतात, दूध मोजलं जातं, फॅट बघितली जाते, आणि केंद्रावरचा कंप्युटर डिचोलीच्या सर्व्हरला विचारून एक चिठ्ठी छापतो. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय माणूस रांगेतून हलत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी वहीत लिहायचे तेव्हा कोणी चिठ्ठी मागत नसे. कंप्युटर आला आणि लोकांचा माणसावरचा विश्वास उडाला, चिठ्ठीवर बसला.

सतराही केंद्रं सर्व्हरमध्ये एकाच नावाने शिरायची, आणि पासवर्डही एकच: 'dudh123'. तो इतकी वर्षं चालला होता, की कोरगावच्या केंद्रावर दुधाच्या दराच्या फळ्याखाली खडूने लिहून ठेवलेला असे. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण तो तिला तोंडपाठ होता.

मग एका वर्षी गणपतीची चवथ झाल्यावर आमच्या चेअरमनसाहेबांनी कुठेतरी सुरक्षेवरचं भाषण ऐकलं आणि पणजीहून एक सल्लागार आणला. सल्लागार तरुण, गळ्यात फितीला लटकवलेलं ओळखपत्र. आमच्या कचेरीत ओळखपत्र कोणीच घालत नाही, कारण सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात. त्याने दोन दिवस सगळं पाहिलं, तिसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांसमोर पासवर्ड वाचून दाखवला आणि विचारलं, "हा पासवर्ड आहे की संस्थेचा पत्ता?"

चेअरमनसाहेब माझ्याकडे बघू लागले. मी व्यवस्थापकांकडे बघू लागले. व्यवस्थापक खिडकीतून बाहेर बघू लागले.

सल्लागाराने नवा पासवर्ड तयार केला. सोळा अक्षरांचा, त्यात लहान-मोठी अक्षरं, आकडे, आणि एक असं चिन्ह जे सगळ्या कीबोर्डवर कुठे असतं ते शोधावं लागतं. तो फोनवर सांगायचा नाही, मेसेज करायचा नाही, असा त्याचा दंडक. मग ठरलं की प्रत्येक केंद्रप्रमुखाला बंद पाकिटात पाठवायचा. पाकिटांवर चिकटवायची चिठ्ठी मी टाइप केली: 'गोपनीय'.

व्यवस्थापकांनी ती हातात धरून लांबून बघितली. "मॅडम, ह्यात जोर नाही."

मी 'अत्यंत गोपनीय' केलं.

"अजून."

"अजून काय लिहू?"

"लिहा, कोणीही उघडू नये."

"साहेब, कोणीही उघडू नये लिहिलं तर ते वाचणार कसे?"

"तुम्ही तर्क फार लढवता. ज्याचं आहे तो उघडणारच. बाकीच्यांसाठी लिहायचं असतं हे." मग थोडा विचार करून त्यांनी भर घातली, "आणि खाली लिहा, पुढील आदेशापर्यंत सुरक्षित ताब्यात ठेवावे."

मी लिहिलं. सतरा चिठ्ठ्या छापल्या, सतरा पाकिटांवर माझ्या हाताने डकवल्या, आणि ती दुधाच्या गाड्यांबरोबर रवाना झाली. पुढचा आदेश कोण काढणार, हे मी विचारलं नाही. पाच वाजले होते आणि मला अस्नोडा, कोलवाळ करत स्कूटरने कोरगाव गाठायचं होतं.

चार दिवसांनी, सोमवारी, मी पासवर्ड बदलला. आणि त्या सोमवारपासून सर्व्हर पेंगायला लागला.

पूर्णपणे बंद पडला असता तर सोपं झालं असतं. बंद पडलेल्या गोष्टीला लोक हात जोडतात. हा चालू होता, पण चिठ्ठी यायला कधी अर्धं मिनिट, कधी दोन मिनिटं. तीसजणांच्या रांगेत दोन-दोन मिनिटं म्हणजे शेवटच्या माणसाचं दूध ऊन चढेपर्यंत बालदीतच. पाळी गावच्या केंद्रावर एका सकाळी सात जणांचं दूध नासलं. तिथे दूध घालणारे बरेचसे खाणीच्या ट्रकांवर काम करणारे, दोडामार्ग-सावंतवाडीकडून येऊन इथेच राहिलेले. सकाळी दूध घालून मग त्यांना कामावर जायचं असतं. त्यांच्यातला एक ट्रक घेऊन थेट कचेरीच्या दारात आला, नासलेल्या दुधाचा कॅन व्यवस्थापकांच्या मेजावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "वास घेवन बगा." व्यवस्थापकांनी घेतला. मग पंखा मोठा केला.

घरी आई ओटीवर माझी वाट बघत बसलेली.

"आज अर्दो तास उबी रवलंय मी," ती म्हणाली. "म्हशीक पिळूक जितको येळ लागना नाय, तितको तुज्या कंप्युटराक चिठी देवक लागता. काय केलंस तू तेका?"

"पासवर्ड बदलला."

"कित्याक? जुनो खराब झाल्लो?"

मी हातपाय धुवायला मागे गेले.

केंद्रांचे फोन सुरू झाले. सकाळी सहापासून माझा मोबाईल वाजायचा आणि मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचे, "सगळीकडे हळू चाललंय, जरा वाट बघा." वाक्य इतकं पाठ झालं की समोरचा काय म्हणतोय ते पुरतं ऐकण्याआधीच मी ते सांगून टाकायचे.

सल्लागाराला परत बोलावलं. त्याने सर्व्हरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की मेमरी कमी आहे. मेमरी वाढवली. फरक पडला नाही. मग म्हणाला, सर्व्हर कोण आलं, कोण चुकलं ह्याची नोंद ठेवतो, त्यात त्याचा जीव जातो. ती नोंद त्याने बंद करून टाकली. फरक पडला नाही. कचेरीतल्या कोणीतरी म्हटलं, सर्व्हर ह्या खोलीत आणल्यावर पूजा केलेली नाही. मग व्यवस्थापकांनी स्वतः नारळ फोडला, सर्व्हरवर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि हळदकुंकवाचं बोट लावलं. ते बोट हवा आत ओढणाऱ्या जाळीवर लागलं आणि दोन दिवस सर्व्हर कुंकू गिळत होता. फरक पडला नाही.

शेवटी मीटिंगमध्ये सल्लागाराने टेबलावर बोटं जुळवून सांगितलं, "मला वाटतं, हा हल्ला आहे."

"कसला हल्ला?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"बाहेरून कोणीतरी सतत आत शिरायचा प्रयत्न करतंय. परदेशातून करतात असं."

मी चेअरमनसाहेबांकडे बघत होते. मला वाटलं, घाबरतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. पन्नाशीत बाप झालेला माणूस बारशाच्या पाळण्याकडे बघतो तसे ते सर्व्हरच्या खोलीच्या दिशेने बघू लागले. "परदेशातून?" ते म्हणाले. "आमच्यावर?" आणि मग व्यवस्थापकांना म्हणाले, "बघा, आपण केवढे झालो ते."

दुसऱ्या दिवसापासून ते भेटेल त्याला ही बातमी सांगू लागले. बाजारात, देवळात, एका लग्नात नवरीमुलीच्या बापाला. दूर कुठेतरी कोणी गोरा माणूस बसून आमच्या म्हशींची फॅट बघतोय, असं ते सांगायचे, आणि ऐकणाऱ्यालाही आपल्या म्हशीबद्दल जरा आदर वाटायला लागायचा. चिठ्ठी उशिरा आली तरी पाळीचे ट्रकवालेसुद्धा थोडे दिवस गप्प बसले. हल्ला आहे म्हटल्यावर काय करणार?

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. सर्व्हर दमलेला नव्हता. एकदा आत शिरलं की काम झटपट व्हायचं. सगळा वेळ दारातच जायचा, आत शिरताना. मी तीन-चार दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याबद्दल वाचत बसले आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं. त्या रात्री आईला जेवताना सांगितलं, कारण दुसरं कोणी ऐकायला तयार नव्हतं.

"आई, सगळी केंद्रं एकाच नावाने आत येतात. त्या नावाने कोणी चुकीचा पासवर्ड दिला, की सर्व्हर त्याला लगेच नाही म्हणत नाही. थोडा वेळ थांबवून ठेवतो. परत चुकला की अजून जास्त. आणि तो तिथे थांबलेला असताना त्याच नावाने आलेले बाकीचे, बरोबर पासवर्डवाले, त्याच्या मागे अडकतात."

आई भाकरी मोडता मोडता थांबली. "म्हणजे येक खुळो दारात उबो, आणि शाणे सगळे मागे रांगेत."

"तसंच."

"मगे त्या खुळ्याक कोणीतरी घराकडे पाठवा."

"पण तो आहे कोण तेच माहीत नाही."

"भायर काडूक येत नाय तेका?"

येत होतं. तीच तर गंमत. पूर्वी आमच्या सर्व्हरची अशी सोय होती की पाच वेळा चुकलं की ते नाव कुलूपबंद व्हायचं आणि मला लगेच कळायचं. पण वर्षभरामागे सिंधुदुर्गातल्या एका संस्थेचे पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर चेअरमनसाहेबांनी रुबाबात स्वतःच्या नावाने शिरायचा प्रयत्न केला, पाच वेळा चुकले, आणि पडद्यावर 'आपले खाते बंद करण्यात आले आहे' असं आलं. पाहुणे सभ्य होते, त्यांनी चहाकडे बघितलं. पाहुणे गेल्यावर मला आदेश मिळाला: कुलूप काढा, सगळ्यांचंच काढा. मी काढलं. तेव्हापासून आमच्या दारात कितीही वेळा चुकलं तरी चालत होतं.

शनिवारी सल्लागार पणजीला होता, व्यवस्थापक एका मुंजीला गेले होते. मी त्याने बंद केलेली नोंद परत चालू केली. फक्त दहा मिनिटांसाठी. मग उघडून बघितलं.

पानभर एकाच कंप्युटरचं नाव. दर पाच सेकंदांनी एकदा, न दमता, न चुकता चुकत होतं. 'KENDRA-11'.

परदेश नव्हता तो. केंद्र क्रमांक अकरा म्हणजे लाटंबार्स्याकडच्या एका वाड्यावरचं केंद्र. माझ्या खुर्चीपासून स्कूटरने फार तर अर्धा तास. खरं सांगते, पहिल्यांदा मला वाईट वाटलं. इतक्या दिवसांत त्या गोऱ्या माणसाची मलाही सवय झाली होती.

सोमवारी सकाळी मी व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. "साहेब, हल्ला लाटंबार्स्याहून होतोय."

"हळू बोला," ते म्हणाले आणि उठून दार लोटलं. "नक्की?"

"नक्की. केंद्रावरचाच कंप्युटर आहे. जुना पासवर्ड घेऊन बसलाय, दर पाच सेकंदांनी दार ठोठावतोय."

त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "लाटंबार्स्यात कोणी परदेशी राहतो का हो? भाड्याने वगैरे?"

"नाही, साहेब."

"बघा जरा चौकशी करून. चेअरमनसाहेबांनी सगळ्यांना सांगितलंय."

मी चौकशी करायला निघाले. अकराव्या केंद्राच्या प्रमुख एक निवृत्त बाई आहेत. पासष्टीच्या पुढच्या, एकट्या. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असतो. पूर्वी गावातलं पोस्ट त्या सांभाळायच्या. निवृत्त झाल्यावर गावानेच त्यांना केंद्र दिलं, कारण त्यांच्या हातून लिहिलेलं कधी खोडावं लागत नाही असा त्यांचा लौकिक. सभेला यायच्या तेव्हा पहिल्या रांगेत बसून सगळं टिपून घ्यायच्या, चेअरमनसाहेबांच्या भाषणासकट.

मी पोचले तेव्हा सकाळचं दूध जाऊन केंद्र धुवून झालं होतं. घराला लागून एक खोली, शेणाने सारवलेलं अंगण, बाजूला काजूची झाडं. बाई वहीत रेघा मारत होत्या. कोपऱ्यात कंप्युटर. त्याच्यावर स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण, बाजूने उचललेलं, म्हणजे त्याला गुदमरू नये. पडद्यावर आमच्याच सॉफ्टवेअरचं वाक्य थरथरत होतं: 'प्रयत्न चालू आहे, कृपया थांबा.'

"किती दिवस असं दाखवतोय?" मी विचारलं.

"त्या सोमवारपासून. आज तीन आठवडे झाले."

"आणि तुम्ही थांबलात?"

"कृपया थांबा लिहिलंय ना." त्यांनी वही मिटली. "दूध मी वहीत लिहिते. रोज त्याची नक्कल गाडीबरोबर पाठवते. मिळत नाही का?"

मिळत होती. आवक विभागात तिच्यावर शिक्का पडत होता आणि ती कपाटावर जात होती.

"मी तुम्हाला फोनसुद्धा केलेला," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, आमचा कंप्युटर नुसता प्रयत्न करतोय. तुम्ही म्हणालात, सगळीकडे हळू चाललंय, वाट बघा. मी वाट बघते आहे."

फोन आठवत नव्हता, पण वाक्य माझंच होतं.

"पण बाई, नवा पासवर्ड मिळाला ना तुम्हाला? पाकीट?"

"मिळालं की." त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कडी, मग आणखी एक कडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट घेऊन त्या बाहेर आल्या. कोपऱ्यात पेन्सिलीने मिळाल्याची तारीख आणि वेळ. डिंकाची कड जशीच्या तशी.

"उघडलं नाहीत?"

त्यांनी ते पाकीट माझ्यासमोर धरलं, इयत्ता दुसरीच्या पोरीपुढे धरावं तसं. "वाचा, काय लिहिलंय."

मी वाचलं. "अत्यंत गोपनीय. कोणीही उघडू नये. पुढील आदेशापर्यंत सुरक्षित ताब्यात ठेवावे."

"पुढील आदेश आला नाही," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं पोस्टात काढली मी. न उघडायचं पाकीट मी कधी उघडलं नाही. लोक यायचे, बाई, जरा बघा ना आत मनिऑर्डरीचं काही आहे का. नाही म्हणजे नाही."

मी त्या पाकिटाकडे बघत राहिले. बाकीच्या सोळा जणांनी ते कसं उघडलं असेल ते मला एका क्षणात दिसलं. कोणी वर काय लिहिलंय ते वाचलंच नव्हतं. दुधाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून, अंगठ्याने फाडून, आतला कागद काढून घेतला होता. सोळा केंद्रं चालू होती ती आमची सूचना न वाचल्यामुळे. वाचली फक्त एका माणसाने.

"हे लिहिलं कोणी?" बाईंनी विचारलं.

"मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. मला वाटतं, हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मग तुम्हीच उघडा," त्या म्हणाल्या आणि कात्री आणून दिली. "आणि आदेश मिळाला असं वर लिहा, तारीख घालून."

मी लिहिलं, सही केली, पाकीट उघडलं. मग त्या एकेक अक्षर सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. दोनदा चुकलं, कारण सल्लागाराने शून्य आणि ओ शेजारी शेजारी घातले होते. तिसऱ्या वेळी 'प्रयत्न चालू आहे' नाहीसं झालं आणि हिरवी चौकट आली. बाजूचा छपाईयंत्राचा डबा घरघरला आणि तीन आठवड्यांपूर्वीची एक अर्धवट चिठ्ठी बाहेर पडली.

मी कोरगावच्या केंद्राला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "गे, काय केलंस? नुसतो धावता!" पाळीला लावला, तिथेही तेच. फोन ठेवून वळले, तर बाई खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर.

"म्हणजे ह्या कंप्युटरमुळे सगळीकडे अडलं होतं?"

मी फोन पर्समध्ये टाकला.

"पाळीला दूध नासलं असं गाडीवाला सांगत होता. ते ह्याच्यामुळेच? माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही, बाई. तुम्ही लिहिलं होतं तसं वागलात."

"पण नासलं ते नासलंच ना." त्यांनी पदराने कंप्युटरची कड पुसली. तिथे धूळ नव्हती. "सत्तावीस वर्षांत माझ्या नावावर एक तक्रार नाही. ही पहिली."

मी त्यांना शब्द दिला की त्यांचं नाव कुठेच येणार नाही. देताना वाटलं, ह्यात काय मोठं?

मंगळवारी व्यवस्थापकांनी अहवालाचा मसुदा माझ्याकडे टाइप करायला दिला. पहिलंच वाक्य होतं: 'केंद्र क्रमांक ११ च्या प्रमुखांच्या निष्काळजीपणामुळे...'

"साहेब, हे नाही टाइप करणार मी."

"का?"

मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. येताना बाईंकडून मागून आणलं होतं. "अहवालाला हे जोडावं लागेल. ही चिठ्ठी मी टाइप केली, आणि ह्यातला जोर तुम्ही घातलात."

त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं की तेही आयुष्यात पहिल्यांदाच ती सूचना नीट वाचत होते. त्यांनी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर बंद केला, किल्ली खिशात घातली.

"मग कारण काय लिहायचं?"

"खरं लिहा."

"मॅडम, खरं लिहिलं की तुम्ही, मी, सल्लागार आणि कुलूप काढायला लावणारे चेअरमन, चौघंही त्यात येतो. इतकी माणसं एका अहवालात मावत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाईंचं नाव नको, हे मला मान्य. पण मग हल्लाच राहू दे. हल्ल्याला नाव लागत नाही."

मी विचार केला. बाईंना शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर माझंही नाव त्या चौघांत होतं, तेही मला आठवत होतं. मी टाइप केलं: 'बाह्य शक्तींनी केलेला हल्ला संस्थेने यशस्वीरीत्या परतवून लावला.' एकही चूक झाली नाही.

त्यानंतर नियम झाला की पाकिटं पाठवायची नाहीत. आता पासवर्ड बदलला की तो केंद्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. त्या ग्रुपवर पंचेचाळीस माणसं आहेत. त्यातला एक पेंड विकतो आणि एक सोडून गेलेला ड्रायव्हर आहे. पासवर्डच्या वर गुलाबाच्या फुलांचं शुभ सकाळ असतं आणि खाली दहा-बाराजणांचे हात जोडलेले. सल्लागाराला हे मी कळवलं. त्याने लिहिलं, की हे त्याच्या कामाच्या कक्षेत येत नाही.

महिन्याभराने संस्थेची वार्षिक सभा झाली. डिचोलीतल्या एका हॉलमध्ये, पंखे, पाणी, प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा. सल्लागाराला शाल आणि श्रीफळ दिलं. चेअरमनसाहेब माइकपाशी आले आणि हल्ल्याची हकीकत सांगू लागले. ती आता बरीच वाढली होती. गोरा माणूस एक नव्हता, टोळी होती. आमचा सर्व्हर रात्रंदिवस झुंजला होता. मी मागच्या रांगेत आईशेजारी बसले होते. आईने माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, "ह्यो तोच खुळो मगे?" मी तिला गप्प केलं.

टाळ्या झाल्या. टाळ्या संपता संपता पहिल्या रांगेतून बाई उभ्या राहिल्या. हातात त्यांची टिपणवही.

"साहेब, नोंदीत एक दुरुस्ती हवी," त्या म्हणाल्या. माइक नव्हता, पण आवाज खणखणीत. "हा हल्ला मी केला."

व्यवस्थापक खुर्चीवरून अर्धे उठले.

"मी लाटंबार्स्याहून," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे माझ्या केंद्रावरचा कंप्युटर चुकीचा पासवर्ड देत होता. परदेशाहून कोणी आलं नव्हतं. पाळीच्या लोकांचं दूध नासलं, त्यांची मी क्षमा मागते."

मग चेअरमनसाहेब मोठ्याने हसले. त्यांच्यापाठोपाठ पहिली रांग, मग दुसरी, मग सगळा हॉल. "बाई, तुम्ही म्हणजे ना!" ते माइकमधून म्हणाले. "ह्या वयात अशी विनोदबुद्धी! बघा, ह्या आपल्या महिला!" आणि सगळ्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. पाळीचा तो ट्रकवाला सर्वांत जोरात वाजवत होता. सल्लागारही हसला, शाल सावरत.

बाई तशाच उभ्या होत्या. मग खाली बसल्या, वही उघडली आणि काहीतरी लिहिलं.

सभा संपल्यावर मी त्यांना जिन्यापाशी गाठलं. "बाई, कशाला बोललात? तुमचं नाव येऊ नये म्हणून मी किती—"

"माझं नाव येणार नाही एवढंच ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "खोटं लिहा असं मी नव्हतं म्हटलं."

आईला कोरगावच्या माणसांबरोबर टेंपोत बसवून दिलं आणि बाईंना म्हटलं, चला, सोडते. त्या स्कूटरवर एका बाजूला पाय करून बसल्या, मांडीवर स्टीलचा डबा. वाटेत एकदाच म्हणाल्या, "जरा हळू चालवा." मी हळू चालवली.

घरापाशी उतरल्यावर त्यांनी दाराचं कुलूप काढलं आणि वळून म्हणाल्या, "चहा घेऊन जा. सकाळचे पाव आहेत."

मी आत जाऊन बसले. पाव थोडे चिवट झाले होते. आम्ही ते चहात बुडवून खाल्ले आणि त्यांच्या मुलाबद्दल बोललो.